ताऱ्याचे टोक

दहा टोकांच्या ताऱ्याची आखणी हाच इस्लामी भौमितिक नक्षी रंगविण्याच्या कामातला बिकट भाग, असा बघ्यांचा समज असतो. वस्तुतः कर्कटक आणि पट्टी हाती असली म्हणजे ती एकीतून एक उलगडत जाते, आणि ज्याने कासारवाडीच्या टूलरूममध्ये स्क्रायबरने मार्किंग करण्यात उमेदीची वर्षे वेचली त्याला तर तिचे अप्रूप नाहीच. खरी कसोटी लागते ती टोकाशी. 36 अंशांच्या कोनात दोन रेघा भेटतात तेथे कुंचला थबकला की रंग साचतो, साचला की टोक बोथट होते, आणि एक टोक बोथटले म्हणजे भोवतीचा सारा गोफ सैल पडल्यासारखा दिसतो. पाते घेऊन मागाहून धार काढता येते. परंतु खरवडलेले टोक आणि एका दमात उतरलेले टोक यांतला भेद जाणत्या नजरेपासून लपत नाही. शेवटच्या जवभर अंतरात, रेघ चालू ठेवूनच, कुंचल्याचा दाब उचलीत न्यावा लागतो.

हे उचलणे गेल्या पावसाळ्यापासून माझ्या हाताला साधेनासे झाले. बोटांना कंप आहे. लांब रेघ मनगटाच्या जोरावर अद्याप निभावते, टोक निभावत नाही. माझ्याकडे शिकावयास येणारी शेजारची मुलगी एकदा म्हणाली, “काका, टोकं मी काढू का?” होकार द्यावयास मी फार दिवस लावले, कारण माझा सारा अभिमान त्या टोकांत साठलेला होता. रंगसंगतीची वाखाणणी ऐकून मला विशेष काही वाटत नसे. टोकाशी डोळा नेऊन कोणी पाहिले की मात्र दिवस सार्थकी लागे.

नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत हल्ली लेझरने कापलेल्या जाळ्यांचे पेव फुटले आहे. त्यांचे प्रत्येक टोक बिनचूक असते, हे मान्य. परंतु चौकट येईल तेथे तारा भलत्याच ठिकाणी तुटतो. जुने उस्ताद चौकट ताऱ्याच्या मध्यातून नेत, म्हणून कडेला तारा अर्धा आणि कोपऱ्यात पाव राही, आणि भिंतीपलीकडेही नक्षी चालूच आहे असा प्रत्यय येई. हा दस्तूर न पाळणाऱ्या कामाला मी नक्षी म्हणत नाही, मग ते कितीही खपो.

‘ही नक्षी तुमची कोठची?’ असेही मला विचारले जाते. विचारणाऱ्यांना मी बिदरजवळच्या अष्टूरला जाण्यास सांगतो. 1436 मध्ये निवर्तलेल्या अहमदशहा वली बहमनीच्या घुमटात भिंतींपासून माथ्यापर्यंत हिंगुळी आणि निळ्या रंगांत, सोन्याच्या अक्षरांत हाताने रंगविलेले काम आहे. तेथील उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही जमतात, आणि लिंगायत भाविक त्याच सुलतानाला अल्लमप्रभू मानतात. अशा कामावर मालकी सांगणारा मी कोण, आणि मला परका ठरविणारे तरी कोण?

आता रेघ माझी आणि टोक तिचे, अशी वाटणी झाली आहे. तिचे टोक माझ्या भर उमेदीतल्या टोकापेक्षाही सरस उतरते. नुकत्याच पुऱ्या झालेल्या फलकावर सही दोघांची आहे, आणि तिची आधी आहे.