दारातला दिवा

परक्या देशांच्या सणांविषयी आमचे मन प्रथमपासूनच थोडेसे साशंक असते, ही गोष्ट वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आपले स्वतःचे सण वर्षभर पुरून उरण्याइतके असता, भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडण्याचा आणखी एक सण कशाला हवा, असा प्रश्न आम्ही अनेकदा, आणि तोही काहीशा तोऱ्यानेच, विचारलेला आहे. अलीकडे पुण्यामुंबईच्या काही शाळांतून व मोठाल्या दुकानांतून ऑक्टोबरच्या अखेरीस काळ्या टोप्या आणि कागदी वटवाघळे टांगलेली दिसू लागल्यापासून तर आमच्या कपाळावरील आठ्यांत भरच पडली होती. इतक्या अभिमानाने बाळगलेले मत एका आठ वर्षांच्या मुलीने एका संध्याकाळी बदलून टाकावे, यात आमच्या वयाच्या माणसास कमीपणा आहे खरा. परंतु तो पत्करून ती हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गोष्ट २०२४ सालची. त्या वर्षीच्या ज्येष्ठात आमची पत्नी निवर्तली. आमची एकुलती एक मुलगी अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, शिकागोपासून तासाभराच्या अंतरावरील एका लहान गावी राहते. निरोप मिळताच ती निघाली. पण विमानास समुद्र ओलांडावयास जो वेळ लागतो तो लागतोच. तिला आईचे अखेरचे दर्शन घडले नाही. दिवसकार्य आटोपून ती परत गेली, आणि दसरा होताच तिने आम्हांस आपल्याकडे बोलावून घेतले. बोलावताना एवढेच बजावले, "बाबा, वर्षाच्या आत आपल्याकडे काही सण नाही. दिवाळीसुद्धा नाही. फराळाचे काही आणू नका." आम्ही बरे म्हटले. तिच्या आवाजात धर्मशास्त्रापेक्षा निराळे असे काहीतरी होते, ते आमच्या ध्यानात आले नाही असे नाही. पण बाप आणि मुलगी यांच्यामध्ये जे बोलणे आईच्या मार्फत चालत आलेले असते, ते आई गेल्यावर कोणत्या वाटेने चालवावे, हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते.

आम्ही पोहोचलो तेव्हा तेथील झाडांना रंग चढला होता. त्या ऋतूला आपण पुस्तकातून 'शरद' म्हणतो. पण आपला शरद म्हणजे निवळलेले पाणी, कोजागरीचे चांदणे आणि शेतात उभे असलेले पीक. पाने गळतात ती आपल्याकडे शिशिरात. तिकडे सुगी आणि पानगळ एकदमच येतात, भरल्या हाताने आणि उतरत्या उन्हाने. दिवस लहान होऊ लागला, की झाड पानांतील हरितद्रव्याची जुळवाजुळव थांबवते. हिरवा रंग ओसरला, की आरंभापासून पानातच असलेला पिवळा व नारिंगी रंग उघडा पडतो. मेपलसारख्या काही झाडांत मात्र लाल रंग त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. मग देठाच्या मुळाशी एक पातळ पडदा धरतो, आणि वाऱ्याची झुळूक निमित्त होऊन पान सुटते. आमची नात रोज शाळेतून येताना ओंजळभर पाने आणी. ती जाड पुस्तकात दाबून ठेवावी, खाली झाडाचे नाव लिहावे, हा आमचा दोघांचा पहिला उद्योग ठरला. त्याला पैसा लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसास खाली वाकण्याचा व्यायाम घडतो.

या पानगळीच्या शेवटी, ३१ ऑक्टोबरला, तो हॅलोविन नावाचा सण येतो. रिकामा वेळ पुष्कळ असल्यामुळे आम्ही त्याचे मूळ शोधीत बसलो. आयर्लंड-स्कॉटलंडकडील जुन्या केल्ट लोकांचा 'साउइन' नावाचा एक सण होता. सुगी संपली, हिवाळा लागला, अशी ती संधी. आणि दोन ऋतूंच्या त्या फटीतून मेलेली माणसे घराकडे येतात, अशी समजूत. पुढे ख्रिस्ती धर्माने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा व २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरविला. संतांच्या दिवसाची आदली रात्र, हाच 'हॅलोविन' या शब्दाचा अर्थ. मध्ययुगीन इंग्लंडात गरीब माणसे घरोघर जाऊन, तुमच्या मृतांसाठी प्रार्थना करतो, असे म्हणून लहान गोड भाकऱ्या मागत. स्कॉटलंडात मुले सोंगे घेऊन जात. पण एखादे गाणे वा कविता म्हटल्यावाचून त्यांच्या पदरी फळ किंवा सुकामेवा पडत नसे. आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले, आणि तेथे त्यांना सलगमापेक्षा मोठा, मऊ व कोरावयास सोपा असा भोपळा सापडला.

हे वाचता वाचता आमचा तोरा थोडा उतरला. मृतांसाठी दिवा, दारोदार फिरणारी मुले, गाणे म्हटल्यावर मिळणारा खाऊ, यांपैकी आपल्यास अपरिचित ते काय? आश्विनात हस्त नक्षत्र लागले की आमच्या लहानपणी वाड्यातील मुली पाटावर हत्ती मांडून फेर धरीत, घरोघर जात, आणि खिरापत ओळखल्यावाचून डब्याचे झाकण उघडत नसे. शिमग्याच्या सोंगांविषयी तर बोलावयासच नको. आणि भुतांच्या बाबतीत म्हणाल, तर ज्या भाषेत मुंजा, समंध, हडळ, खवीस आणि वेताळ अशी जातवार व्यवस्था लागलेली आहे, त्या भाषेच्या माणसाने परक्यांच्या एका पांढऱ्या चादरीस नाक मुरडणे शोभत नाही.

एका रविवारी जावईबापू आम्हांस भोपळ्यांच्या शेतावर घेऊन गेले. अमेरिकेत सर्वांत अधिक भोपळा पिकतो तो याच इलिनॉय राज्यात. गवताच्या पेंढ्यांनी भरलेल्या गाडीत बसून शेतात जावयाचे, मक्याच्या उभ्या पिकात काढलेल्या वाटांच्या चक्रव्यूहात हरवावयाचे, आणि आपल्याला उचलेल एवढा भोपळा वेलीवरून आपणच निवडावयाचा, अशी तेथील रीत. आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिकेतलाच. आपण त्याला इतके आपलेसे केले, की श्राद्धाच्या पानावरही त्याची भाजी वाढतो.

भोपळा घरी आला, आणि मुलीने तो ओट्यावरून उचलून मुकाट्याने आमच्यापुढे ठेवला, सुरी त्याच्या शेजारी. अखंड भोपळ्यास बाईमाणसाने पहिली सुरी लावू नये, अशी आमच्या घरची जुनी समजूत. एकेचाळीस वर्षे आमची पत्नी असाच भोपळा आमच्यापुढे ठेवीत असे. आम्ही त्या समजुतीची थट्टा करीत असू, आणि थट्टा करीत करीतच पहिला काप देत असू. त्या दिवशी थट्टा सुचली नाही. आम्ही काप दिला. नातीने आतला गर काढला, बिया धुतल्या. त्या मीठ लावून भट्टीत भाजल्या, आणि शेजारच्या लहानशा गोड भोपळ्याचे मुलीने घारगे केले. कोरण्याचा मोठा भोपळा खावयास पाणचट लागतो, ही माहिती गृहिणींच्या उपयोगी पडावी म्हणून देत आहो.

घारगे खाता खाता नात म्हणाली, "मी हॅलोविनला म्हातारी होणार. भोपळ्यातली."

वाघाला चुकवून भोपळ्यात बसून घरी येणाऱ्या त्या म्हातारीची गोष्ट कोणत्या मराठी घरात सांगितली गेली नाही? आमची पत्नी ती दर शनिवारी सात समुद्रांपलीकडून फोनच्या पडद्यावर नातीस सांगत असे. पण मुलीने मान हलविली. "यंदा काही करायचे नाही. वर्ष आहे." नात आमच्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, म्हातारीने वाघाला फसवले ना? मग आजीला का नाही कोणी भोपळा दिला?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. मुलगी उठून आत गेली.

त्या रात्री आम्ही पंचांग काढून बसलो. त्या वर्षी तिथीने मोठी मौज केली होती. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन पुष्कळ ठिकाणी १ नोव्हेंबरला झाले. परंतु अमावास्या भारतीय वेळेप्रमाणे ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागत असल्याने शिकागोच्या घड्याळात ती ३१ च्या पहाटेच लागली व दुसऱ्या सकाळी संपली; तेथे अमावास्येची संध्याकाळ म्हणून मिळाली ती नेमकी हॅलोविनची. आणि त्या संध्याकाळी जुन्या ग्रंथांनी लक्ष्मीपूजनाबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली आहे. तिला 'उल्कादान' म्हणतात. हातात पेटते कोलीत घेऊन पितरांना परतीची वाट दाखवावयाची. जगाच्या दोन टोकांस, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या लोकांनी, वर्षाच्या अंधाऱ्या तोंडाशी मृतांसाठीच दिवा लावावा, याचे आम्हांस फार नवल वाटले. माणसाचे दुःख सर्वत्र एकच असल्यामुळे उपायही एकच सुचत असावा.

सकाळी आम्ही मुलीस म्हटले, "सण करायचा नाही हे ठरलेच आहे. पण पितरांना वाट दाखविणे हा सण नव्हे, ते कर्तव्य आहे." या युक्तिवादात एखाद्या शास्त्रीबोवांनी सहज दहा छिद्रे दाखविली असती. मुलीने दाखविली नाहीत. ती थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, माझे सणाचे काही नाही हो. मी पोहोचले तेव्हा सगळे झालेले होते. आपण इथे दिवे लावायचे, हसायचे, म्हणजे ते खरेच झाले असे होईल." चार महिन्यांत ती आमच्याशी इतके प्रथमच बोलली. आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने पेटी उघडली, आणि आईचे एक जुने सुती लुगडे बाहेर काढले.

आमच्या वाचकांस ठाऊक नसेल, पण या सणात एक फार सभ्य संकेत पाळला जातो. ज्या घराच्या दारातला दिवा लावलेला असेल त्याच घरी मुले जातात. दिवा मालवलेला असला, की त्या घरास आज पाहुणे नकोत असे समजून, कारण न विचारता, पुढे जातात. आजारी, दुःखी, एकटा, कोणीही असो, त्याला दार बंद ठेवण्याची मोकळीक आहे, आणि त्यात कोणाचा अपमान नाही. आमच्या दारातला दिवा त्या दिवशी मालवलेला राहिला असता, तरी कोणी काही म्हटले नसते.

पाच वाजता मुलीने स्वतः तो लावला. पायरीवर कोरलेला भोपळा, त्याच्या दोन्ही बाजूंस दोन पणत्या, आणि शेजारी नातीने निळसर हिरव्या रंगाने रंगविलेला दुसरा एक लहान भोपळा. शेंगदाणे किंवा दूध ज्यांना सोसत नाही अशा मुलांसाठी या घरी खाऊऐवजी लहान खेळणी मिळतील, अशी ती खूण. २०१४ पासून ही चाल अमेरिकेत सर्वत्र पसरू लागली आहे, आणि आम्हांस ती फार आवडली. अनोळखी लोक खाऊत विष घालतात अशी एक भीती तिकडे पुष्कळ वर्षे घर करून होती. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने जुनी प्रकरणे तपासून ती जवळजवळ निराधार असल्याचे दाखविले. खरा धोका रस्त्यावरील मोटारींचा असतो. म्हणून अंगावर उजळ कपडा, हातात विजेरी आणि सोबत वडील माणूस, एवढी काळजी पुरे.

आमची नात नऊवारी लुगडे दुमडून नेसलेली, कमरेभोवती पुठ्ठ्याचा केशरी भोपळा, हातात काठी, अशी निघाली. निऱ्या घालताना मुलगी म्हणत होती, "अग, सरळ उभी राहा. आई अशा घालायची, बोटात धरून." आईविषयी बोलताना तिच्या तोंडी भूतकाळ आम्ही प्रथमच ऐकला. आम्ही स्कॉटलंडच्या मुलांची हकीकत नातीस सांगून ठेवली होती. म्हणून तिने दर दारी आधी म्हातारीच्या चालीने चार पावले चालून दाखविली, मगच टोपली पुढे केली. एका वृद्ध शेजारणीने, हे कोणाचे सोंग, असे विचारले. नात तत्परतेने म्हणाली, "माझ्या आजीचे." आमच्या मुलीने ते दुरुस्त केले नाही. तिने त्या शेजारणीस पायरीवर उभ्यानेच म्हातारीची सारी गोष्ट इंग्रजीत सांगितली. वाघ, लेकीचे घर, तूप खाऊन आलेले बाळसे, भोपळा आणि सुखरूप परत येणे. सांगताना मध्ये एकदा तिचा आवाज थांबला. शेजारणीने घाई केली नाही.

या सणाचे बाजारी रूप आमच्या डोळ्यांआड झालेले नाही. प्लास्टिकचे सांगाडे, एका रात्रीचे पोशाख आणि पोतेभर साखर यांची आयात आपल्याकडे न झाली तर बरे. ज्यांना आश्विनात मुलांस एकत्र आणावयाचे आहे त्यांनी पाटावर हत्ती मांडावा, जुन्या लुगड्यांची सोंगे करावी, गाण्यावाचून खिरापत देऊ नये. नाव कोणतेही द्यावे. परंतु गेलेल्या माणसांविषयी मुलांपुढे बोलणे हे अभद्र नव्हे, एवढे मात्र त्या लोकांकडून अवश्य घ्यावे. किंबहुना आपल्याच जुन्या ग्रंथांतून परत घ्यावे. आपल्याकडे पितरांचा पंधरवडा वडील माणसे उरकतात, आणि मुलांस त्या दिवशी फक्त खीर मिळते.

रात्री मुले निजल्यावर भोपळ्यातील दिवा विझला होता. दोन पणत्यांपैकी एक वाऱ्याने गेली होती, दुसरी जळत होती. आम्ही दार लावावयास उठलो, तेव्हा मुलगी म्हणाली, "राहू द्या बाबा, तेल आहे तोवर." आम्ही दोघे पायरीवर बसून राहिलो. समोरच्या रस्त्यावर पाने पडत होती.