शंभर माणसांचा एक ब्राउझर

नवा ब्राउझर हाताशी आला की मी त्यात सगळ्यात आधी 'कोऱ्हाळे' हा शब्द टाइप करते. राहाता तालुक्यातलं हे गाव. त्यातला 'ऱ्ह' जसाच्या तसा उमटला, 'र' रफार होऊन 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसला नाही, की पुढची परीक्षा. मग 'दऱ्या' आणि 'दर्या' शेजारी शेजारी लिहायचे. अकोले तालुक्यात दऱ्या आहेत, दर्या कोकणात. ज्याला हा फरक दाखवता येत नाही त्याच्या हाती मी शेतकऱ्याचा अर्ज देत नाही, कारण 'शेतकऱ्याचा' हा शब्दच त्याला धड लिहिता येणार नाही.

गेली वीस वर्षं मी नगर जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांचे संगणक सांभाळते आणि केंद्रचालकांना शिकवते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझी जीभ अजून जुन्या सवयीने वळते. तसंच 'सेतू'चंही. पाटीवर 'आपले सरकार सेवा केंद्र' असलं तरी गावात विचारतात, "सेतू उघडलाय का?" चौदा तालुके, क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. एका टोकाला अकोल्याचा डोंगर, दुसऱ्या टोकाला जामखेडचं माळरान. या सगळ्यात उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, जे काही सरकारकडून माणसापर्यंत येतं ते एका चौकटीतून येतं. ती चौकट म्हणजे ब्राउझर. क्रोमला आमच्याकडे 'गूगल' म्हणतात, फायरफॉक्सला 'कोल्हा', आणि जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला 'निळा ई' म्हणायचे.

उन्हाळ्यात मी तीन केंद्रांवर झोहो कंपनीचा 'उला' बसवला आणि दोन महिने त्याची क्रोम, एज आणि फायरफॉक्सशी तुलना केली. 'उला' हा तमिळ शब्द आहे, अर्थ प्रवास, भ्रमंती. चेन्नईच्या या कंपनीने तो मे २०२३ मध्ये बाजारात आणला. भारतीय ब्राउझरचा हा काही पहिला प्रयत्न नाही. जुलै २०१० मध्ये बंगळूरच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीने फायरफॉक्सच्या पायावर 'एपिक' काढला होता, भारतीय भाषांत टाइप करायची सोय त्यात होती. वर्गातल्या मुलींना तो दाखवताना मला झालेला आनंद आठवतो. २०२० मध्ये जिओने 'जिओपेजेस' आणला, मराठीसह आठ भारतीय भाषांत. पण सेतूच्या टेबलावर यातला एकही टिकला नाही.

तुलनेआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक परीक्षणांत राहून जाते. आपल्याकडे ट्रक घेणारा माणूस कंपनीकडून नुसती चासी घेतो आणि बॉडी आपल्या पसंतीच्या वर्कशॉपमध्ये बांधून घेतो. फाळका किती उंच, केबिनवर रंग कोणता, हे ज्याचं त्याचं. चासी आणि इंजिन मात्र एकाच कारखान्याचं. ब्राउझरांचं आज तसंच आहे. २००८ मध्ये गूगलने क्रोम काढला आणि त्याची चासी, क्रोमियम, सगळ्यांना खुली केली. ओपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडून ती घेतली. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एज तिच्यावर चढवला. ब्रेव्ह तिच्यावर, विवाल्डी तिच्यावर, आणि उलाही तिच्यावरच. सर्रास वापरात असलेली वेगळी इंजिनं उरली दोन: फायरफॉक्सचं गेको आणि ॲपलच्या सफारीचं वेबकिट.

म्हणून उला, क्रोम आणि एज यांच्या वेगाच्या तुलनेत मी वेळ घालवला नाही. तीनपैकी राजूरच्या केंद्रावर नेट रेंगाळलं की तिघंही सारखेच रेंगाळतात. एकाच चासीचा फायदाही आहे. सरकारी साइट बनवणारे ती क्रोमवर तपासून घेतात, त्यामुळे क्रोममध्ये जे उघडतं ते सहसा उलामध्येही उघडतं. फायरफॉक्सवर कधी एखादं बटण दाबलं जात नाही, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसासमोर केंद्रचालक इंजिनांच्या वैविध्याचा विचार करत बसणार नाही. मला मात्र त्या वैविध्याची काळजी वाटते. सगळ्या जगाचं वाचन एकाच कारखान्याच्या इंजिनावर चालावं हे मला बरं वाटत नाही, आणि म्हणून माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर कोल्हा आहे.

'कोऱ्हाळे' चारही ठिकाणी नीट उमटलं. त्याचं श्रेय एका छोट्या सॉफ्टवेअरला आहे. त्याचं नाव हार्फबझ. अक्षरांची जोडणी करण्याचं काम क्रोमियमच्या चासीवरही तेच करतं आणि फायरफॉक्समध्येही तेच. नाव फारसीतलं आहे: 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाज' म्हणजे उघडं. निजामशाहीच्या नगर शहरात फारसी शब्द परका वाटत नाही. पान मराठीत आहे असं पान बनवणाऱ्याने आतल्या संकेतात लिहिलं असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तर हेच सॉफ्टवेअर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न काढता आपल्या वळणाचे काढतं. बहुतेक सरकारी पानांवर तो संकेत लिहिलेला नसतो, म्हणून आपला 'ल' परक्या वळणाने येतो. यात दोष ब्राउझरचा नाही.

पण 'ऱ्ह'ची गोष्ट इथे संपत नाही. युनिकोडमध्ये हा 'ऱ्' दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला स्वतंत्र 'ऱ' आणि त्याला हलन्त. दुसरा, साधा 'र', हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडणारा संकेत. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. कळफलक बदलला की प्रकार बदलतो. एका नोंदीत 'कोऱ्हाळे' पहिल्या प्रकारचं आणि दुसऱ्या नोंदीत दुसऱ्या प्रकारचं असेल, आणि नोंदी ठेवणाऱ्याने त्याचा बंदोबस्त केला नसेल, तर शोधणाऱ्याला उत्तर मिळतं, नोंद आढळली नाही. म्हणून मी चालकांना सांगते की केंद्रावर कळफलक एकच ठेवा.

मराठी दुव्यांच्या बाबतीत फरक दिसला. पत्त्याच्या पट्टीत 'अहिल्यानगर' सुंदर देवनागरीत दिसतं, पण तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची माळ जाते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. 'अहिल्यानगर' या नावात दहा चिन्हं, म्हणजे ९० अक्षरांची माळ. घेणाऱ्याला वाटतं काहीतरी फसवणुकीचा दुवा आहे. फायरफॉक्समध्ये खोल आत एक सेटिंग आहे, ते बदललं की दुवा देवनागरीतच कॉपी होतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी कोल्ह्याला मनापासून दाद देते.

आता ज्या गोष्टीसाठी ही सगळी तपासणी मी मांडली, ती सांगते.

ब्राउझर बनवणाऱ्याने मनात एक चित्र धरलेलं असतं: एक माणूस, एक संगणक. म्हणून तो आपलं नाव लक्षात ठेवतो, मोबाइल नंबर ठेवतो, पुढच्या वेळी रकान्यात पहिलं अक्षर टाकताच पूर्ण ओळ सुचवतो. घरी ही सोय आहे. सेतूवर एका संगणकापुढे दिवसाला शंभर माणसं येऊन जातात, आणि तो शंभर जणांची नावं, नंबर, पत्ते एकाच माणसाचे समजून साठवत राहतो.

काही वर्षांपूर्वी, जून महिन्यात, दाखल्यांच्या गर्दीत, डोंगराकडच्या एका गावातून एक बाई मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आल्या होत्या. चालकाने मोबाइलच्या रकान्यात पहिले दोन आकडे टाकले, खाली सुचवलेला नंबर आला, घाईत एंटर दाबलं गेलं. नंबर सकाळी येऊन गेलेल्या दुसऱ्याच कुणाचा होता. अर्जात त्रुटी निघाली, तसा संदेशही गेला, पण तो त्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर. ही माय रोज मुलीला विचारत राहिली, "आला का गं मेसेज?" आठ दिवस गेले. ती परत केंद्रावर आली तेव्हा मी तिथेच होते. चालक म्हणाला, "मावशी, तुमचाच नंबर टाकलाय की." आणि स्क्रीनवर पाहिलं तर तो तिचा नव्हता. तो ब्राउझर कोणता होता याला महत्त्व नाही. स्वयंभरणाची सोय चारही ब्राउझरांत आहे. चालकाला ती बंद करायला शिकवलं नव्हतं ते मी, आणि त्या आठ दिवसांचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझी सगळ्यात मोठी कसोटी हीच आहे: हा ब्राउझर विसरायला किती सहज शिकतो? क्रोम आणि एजमध्ये 'गेस्ट' खिडकी आहे. ती बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं, आणि थोडी खटपट केली तर क्रोम कायमचा गेस्टमध्येच उघडेल असं बांधून ठेवता येतं. फायरफॉक्समध्ये 'इतिहास कधीच लक्षात ठेवू नका' हा पर्याय एकदा निवडला की काम झालं. चालकाच्या हाताला हेच सगळ्यात सोपं पडलं. उलाची रचना वेगळी आहे. त्यात कामाचा, वैयक्तिक, मुलांचा, डेव्हलपरचा असे मोड आहेत. याचा उपयोग मला अनपेक्षित ठिकाणी झाला. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की चालकाची मुलं त्याच संगणकावर बसतात, कार्टून बघतात. त्यांच्यासाठी मुलांचा मोड, दिवसाच्या कामाला दुसरा, ही विभागणी त्या घराला एका दिवसात समजली. माग काढणाऱ्या जाहिरातदारांना उला सुरुवातीपासूनच अडवतो, हीही जमेची बाजू. पण अर्जदारागणिक पाटी कोरी करायला त्यातही चालकाला शिकवावंच लागलं.

दुसरी कसोटी शिक्क्याची. ग्रामपंचायतीच्या ई-निविदेला डिजिटल सहीचा डोंगल लागतो. एकेकाळी ही सही ब्राउझरच्या आत, जावाच्या आधाराने व्हायची. क्रोमने तो आधार सप्टेंबर २०१५ मध्ये काढला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं. पण आमच्या चालकांनी पुढे कितीतरी दिवस एका कोपऱ्यात निळा ई जपून ठेवला, फक्त सहीसाठी. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने तोही बंद केला. आता सहीसाठी संगणकात वेगळा प्रोग्राम टाकावा लागतो, तो ब्राउझरशी बोलतो, आणि दोघांचं बोलणं तुटलं की निविदेच्या शेवटच्या तासाला मला फोन येतो.

सहीचा विश्वास साखळीने चालतो. सहीमागे प्रमाणपत्र देणारी संस्था, तिच्यामागे आणखी वरची, आणि शेवटी एक मूळ शिक्का. कोणते मूळ शिक्के खरे मानायचे याची यादी ब्राउझर बाळगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्याखाली आपल्याकडे सीसीए हे नियंत्रक कार्यालय आहे. देशातल्या प्रत्येक डोंगलची साखळी तिथे पोहोचते. डिजिटल सातबारा छापण्याऐवजी फाइल म्हणून उघडला की सहीजवळ कधी प्रश्नचिन्ह दिसतं आणि शेतकरी घाबरून विचारतो, "ताई, उतारा खोटा आहे का?" उतारा खरा असतो. वाचणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत आपला मूळ शिक्का नसतो, एवढंच.

ब्राउझरांच्या यादीत या शिक्क्याचं काय झालं, यालाही इतिहास आहे. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र विभागाकडून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. सीसीएने ती मधली कडी लगेच रद्द केली. क्रोमने भारतीय शिक्क्याची मान्यता सरकारी आणि इतर मोजक्या नावांपुरती आखून दिली, फायरफॉक्सच्या यादीत तर तो नव्हताच.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली तेव्हा तिच्या मागण्या वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. सीसीएचा मूळ शिक्का असलेली स्वतःची यादी हवी, आणि डोंगलने ब्राउझरच्या आतच सही करता आली पाहिजे. हे तर आमच्या टेबलावरचंच दुखणं होतं! स्पर्धेला एकूण ३ कोटी ४१ लाख रुपये होते. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला: झोहोच्या संघाला एक कोटीचं पहिलं बक्षीस, पिंग संघाला ७५ लाखांचं दुसरं, अज्ना संघाला ५० लाखांचं तिसरं. उलाकडे माझं लक्ष गेलं ते या निकालामुळे. स्वतःचा शिक्का स्वतःच्या ब्राउझरमध्ये असावा असं मला वाटतंच. पण २०१४ सारखी चूक झाली तर ती पकडणारी, उघड बोलणारी, स्वतंत्र तपासणीही त्याच्या बरोबर हवी. नुसता शिक्का देशी असून भागणार नाही.

जुन्या संगणकांचं थोडक्यात सांगते. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९वी, जानेवारी २०२३ ची. त्या चासीवरच्या बाकीच्यांचंही तेच झालं. फायरफॉक्सने ११५व्या आवृत्तीला त्यानंतरही सुरक्षा दुरुस्त्या पुरवल्या. असा संगणक ज्याच्याकडे आहे, त्याला दुसरा पर्याय मी सुचवत नाही.

दोन महिन्यांनी मी तिन्ही केंद्रांवर वेगवेगळी व्यवस्था ठेवून आले. मुलं असलेल्या घरी उला. जुन्या यंत्रावर कोल्हा. आणि जिथे गर्दी सगळ्यात जास्त, त्या राजूरच्या टेबलावर कायम गेस्टमध्ये उघडणारा क्रोम. तिथला चालक आता एका माणसाचं काम झालं की खिडकी बंद करतो आणि नवी उघडतो. दोन सेकंदांचं काम. निघायच्या दिवशी एका आजींचा अर्ज भरून झाला. पिशवी काखेत मारून त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत वळल्या.

"बाळा, माझा नंबर ह्याच्यात ऱ्हायला तर न्हाई ना?"

त्याने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि एकेका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवत गेला. आजींना वाचता येत नव्हतं, पण रिकामा रकाना कळत होता. त्यांनी सगळे बघितले आणि मग निघाल्या.