समुद्राकाठचं चार दिवसांचं बिऱ्हाड

सुट्टी जवळ आली, की घराघरांतून बेत सुरू होतात. मुलांना समुद्र हवा असतो. 'ह्यां'ना गर्दी नको असते. सासूबाईंना हॉटेलचं तिखट सोसत नाही. आणि पाच माणसांचं चार दिवसांचं हॉटेलचं बिल मनातल्या मनात मांडून पाहिलं, की आपणच गप्प बसतो. यावर अलीकडे एक चांगला तोडगा निघाला आहे. कोकणातल्या समुद्राकाठच्या गावांतून ओटा, गॅस, भांडी असलेली जागा दिवसाच्या भाड्यानं मिळते. आपलं आपण रांधावं, खावं आणि फिरावं.

हे ऐकून माझी एक मैत्रीण पटकन म्हणाली, "म्हणजे माझं स्वयंपाकघर फक्त गाव बदलणार! मग मी घरीच काय वाईट?"

मैत्रिणींनो, तिचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर निघण्यापूर्वीच शोधायला हवं. नाहीतर सगळ्यांची सुट्टी होते आणि घरच्या बाईची बदली!

आम्ही पाच जण नोव्हेंबरात मालवणला असं बिऱ्हाड करून राहिलो. मुंबईहून कोकण रेल्वेनं कुडाळला उतरायचं. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर. एस.टी. मिळते, रिक्षाही मिळतात. कोल्हापूरकडच्या मंडळींना गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून येता येतं. ऑक्टोबर ते मे हे दिवस चांगले. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते, त्यामुळे ताजी मासळी कमीच.

जागा ठरवताना फोटोतल्या पडद्यांवर आणि गाद्यांवर भुलू नये. फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. ओट्यावर मासे केलेले चालतात का? फ्रीज आणि मिक्सर आहे का? पिण्याचं पाणी कुठलं? आणि बाजार चालत जाण्याइतका जवळ आहे का? समुद्र अगदी दारात आणि बाजार सहा किलोमीटरवर, अशी जागा दिसायला देखणी असली तरी कोथिंबिरीच्या जुडीसाठी दरवेळी रिक्षा करावी लागते. कपडे वाळत घालायला दोरी आहे का, तेही विचारावं. खाऱ्या हवेत ओले कपडे लवकर वाळत नाहीत, आणि मुलं दिवसातून दोनदा भिजतात.

बरोबर काय न्यावं? एक धारदार सुरी, चहाची गाळणी, छोटा कुकर, चहा-साखर, मीठ-हळद आणि दोन जुने पंचे. बाकी काही नको. मसाल्याचे डबे, लोणचं, चकल्या असं अर्धं घर बांधून नेलं, तर तिथं जाऊनही आपण घरचंच जेवतो. मग मालवणला जायचं कशाला?

आता मुख्य मुद्दा, कामाचा. आम्ही निघायच्या आधीच वाटणी करून टाकली. सकाळचा चहा आणि न्याहारी ह्यांची. दुपारचं जेवण मी रांधायचं, पण चिरणं-निवडणं सगळ्यांनी. भांडी मुलांची. रात्री चूल बंद! रात्री खानावळ, नाहीतर घावणे-आंबोळ्या करून देणाऱ्या एखाद्या घरगुती ठिकाणी. पोळ्या चार दिवस लाटायच्याच नाहीत, भातच. कोकणात भाताला कोण नावं ठेवणार? सासूबाईंना आधी हे पटेना. "चहा त्यानं करायचा?" असं त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मात्र मुलाच्या हातचा चहा घेऊन त्या गच्चीत समुद्राकडे बघत बसल्या, त्या नऊ वाजेपर्यंत उठल्याच नाहीत. त्यांनीही आयुष्यभर चूलच सांभाळली, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

स्वयंपाक असा वाटून घेतला, की बाजाराला जाण्यातही मजा येते. मालवणची मासळी बघायला सकाळीच जावं. आपल्या पापलेटला तिथं सरंगा म्हणतात, सुरमईला इसवण, कोळंबीला सुंगटं. हे शब्द कानावर असले, की कोळणीशी बोलणं सोपं जातं. माशाचे कल्ले उघडून लालभडक आहेत का बघावे, डोळा चकचकीत हवा, आणि बोटानं दाबलं तर खड्डा राहू नये. महागड्या इसवणीच्या मागं न लागता ताजे बांगडे घ्यावेत. साफ करून, तुकडे करून मागावेत, म्हणजे घरी पसारा होत नाही. नशिबानं किनाऱ्यावर रापण दिसली, तर मुलांना जरूर दाखवा. समुद्रात टाकलेलं लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढतात. ओढायला पुष्कळ माणसं लागतात आणि मिळालेल्या मासळीत सगळ्यांचा वाटा असतो.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मावशींनी आम्हाला बांगड्याचं तिखलं शिकवलं. तुकड्यांना मालवणी मसाला, हळद, मीठ लावायचं, त्यात चार-पाच आमसुलं आणि थोडं पाणी घालून शिजवायचं. पाच-सहा तिरफळं आतल्या काळ्या बिया काढून, जरा ठेचून टाकायची. वरून चमचाभर तेल. तिरफळ खायचं नसतं, ते वासासाठी. वाटणघाटण काही नाही, वीस मिनिटांत काम होतं.

सोलकढीही त्यांनीच दाखवली. एका नारळाचं खोबरं, दोन लसूणपाकळ्या आणि एक हिरवी मिरची पाणी घालून वाटायचं आणि रस पिळून घ्यायचा. त्यात चार-पाच चमचे कोकमाचं आगळ. आगळ खारट असतं, म्हणून मीठ चाखूनच घालावं. मी सवयीनं गॅसकडे वळले, तशा मावशी हसून म्हणाल्या, "कढी म्हटली तरी ती कढवूची नाय गे बाय!"

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी, किंवा तांदळाच्या शिरवाळ्यांबरोबर नारळाचा गूळ घातलेला रस, ही इथली खास जेवणं आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात, तर ओल्या काजूगरांची उसळ चुकवू नका.

आता फिरायचं. पहिला मान सिंधुदुर्ग किल्ल्याचा. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली हा जलदुर्ग बांधायला घेतला आणि तीनएक वर्षांत पुरा केला. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तटाच्या वळणात तो लपवला आहे. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून दाखवतात ते ठसे आहेत. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! मुलांना याचंच जास्त नवल वाटलं. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे.

गावात 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकरांनी बांधलेलं जय गणेश मंदिर आहे. संध्याकाळी रॉक गार्डनवर सूर्यास्त बघावा. एक दिवस तारकर्लीचा स्वच्छ किनारा आणि पुढे देवबागेत कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम, यासाठी ठेवावा. उन्हाचा कंटाळा आला, तर धामापूरचा गर्द झाडीतला तलाव आणि काठचं भगवती मंदिर आहेच.

पाण्याच्या खेळांबद्दल मात्र सावध राहा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचे जीव गेले. अंगावर जॅकेट घट्ट बांधल्याशिवाय, किंवा बोटीत जास्त माणसं भरलेली दिसली तर, पाय ठेवू नये. पैसे दिलेले असले तरी उतरून यावं. स्थानिक माणूस "इथं नको" म्हणाला, की त्या पाण्यात शिरू नये.

परतताना आगळाची बाटली, आमसुलं, तिरफळं, मालवणी मसाला आणि गूळ-आल्याचं खाजं बांधून घ्या. आगळाची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, त्याचा डाग कपड्यांवरून जात नाही.

खर्चाचं म्हणाल, तर पाच माणसांना हॉटेलपेक्षा पुष्कळच कमीत भागलं. पण मला मोलाची वाटते ती कामाची वाटणी. घरी आल्यावर सगळी नाही टिकली. शाळा-ऑफिस सुरू झालं, की भांडी पुन्हा माझ्याकडे आली. सकाळचा चहा मात्र अजून हेच करतात, आणि आता साखर किती घालायची ते विचारत नाहीत. तेव्हा तुम्हीही जागेचं भाडं ठरवायच्या आधी घरात बसून ओट्याचं ठरवा, आणि मगच आगाऊ रक्कम पाठवा.