शेजाऱ्यांची किल्ली

शेजाऱ्याच्या घराची किल्ली सांभाळणे हे परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाचे एक अलिखित कर्तव्य आहे. पुण्या-मुंबईस माणूस प्रवासाला निघाला, तर मागे घराकडे लक्ष ठेवावयास कोणी आत्या, कोणी मावसभाऊ असतोच. दिल्लीत आत्या नसते. तेथे शेजारी असतो, आणि तो मराठी निघाला तर आत्याचे सर्व अधिकार व सर्व जबाबदाऱ्या त्याच्याकडे आपोआप वर्ग होतात. आमच्या स्वयंपाकघरातील खुंटीवर अशा दोन-तीन किल्ल्या नेहमीच लोंबत असतात. त्यांतील एकीने २०२४ च्या डिसेंबरात आम्हांला जे दाखविले, त्याविषयी आम्ही आजवर कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. ती मंडळी आता बदली होऊन दूर गेली आहेत, आणि ओळख पटेल अशा खुणा आम्ही पुसून टाकल्या आहेत. म्हणून हे धाडस.

रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत आमच्या समोरच्या दारी वऱ्हाडातले एक कुटुंब राहत असे. गृहस्थ आमच्याहून दहा-बारा वर्षांनी वडील, म्हणून आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. भाऊंनी कित्येक वर्षे पुढे ढकललेली एल. टी. सी. अखेर घेतली आणि सहकुटुंब कन्याकुमारीस प्रस्थान ठेविले. निघताना वहिनींनी किल्ली आमच्या हाती दिली व एकच गोष्ट बजावली : "तुळशीला एक दिवसाआड पाणी घाला, आणि रात्री तिच्यावर लुगडे पांघरायला विसरू नका." दिल्लीची थंडी तुळशीला मानवत नाही. वहिनी दर वर्षी आपले जुने लुगडे तिला पांघरीत, आणि दर वर्षी जानेवारीत ती काड्या होऊन उभी राही.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून परतावयास आम्हांला उशीर झाला. समोरच्या घरात शिरलो तेव्हा चांगला काळोख पडला होता. मागची बाल्कनी भाऊंनी पत्रे व काचा लावून बंद करून घेतली होती. तेथे एक खाट, एक टेबल आणि एक जुने लाकडी कपाट असे चिरंजीवांचे साम्राज्य होते. त्या कपाटाच्या फटीतून जांभळ्या प्रकाशाची एक रेघ फरशीवर पडली होती. आत काही जळते आहे की काय, अशा भीतीने आम्ही दार उघडले. आत दोन कुंड्या होत्या. त्यांत वीतभर उंचीची दोन रोपे, आणि वर पुस्तकाएवढा एक दिवा. त्यातले काही ठिपके लाल, काही निळे. रोपांची पाने मात्र काळीकुट्ट दिसत होती.

वनस्पती लाल आणि निळा उजेड बव्हंशी पिऊन टाकते आणि हिरवा त्यामानाने अधिक परत पाठविते, म्हणून आपल्याला पान हिरवे दिसते; दिव्यात हिरवा उजेड नसलाच, तर परत पाठवावयास तिच्याजवळ फारसे काही उरत नाही, हे शास्त्र आम्हांला मागाहून कळले. त्या वेळी आम्ही एक कुंडी उचलून बैठकीच्या पांढऱ्या दिव्याखाली आणली. पान हिरवे झाले, आणि त्याच क्षणी आमची त्याच्याशी ओळख पटली. दिल्लीत राहणाऱ्या माणसाला ते कातरलेल्या कडांचे पान ओळखावयास वनस्पतिशास्त्र लागत नाही. यमुनेच्या काठी, रेल्वेच्या रुळांलगत, आमच्याच वसाहतीमागील नाल्याच्या कडेला फाल्गुनात ही भांग कमरेइतकी वाढते. तिला कोणी पेरीत नाही, कोणी पाणी घालीत नाही, आणि तिच्यासाठी कोणाला अटकही होत नाही. कपाटात मात्र तिला कोणीतरी पेरले होते.

आम्ही कुंडी होती तेथे ठेविली, तुळशीला लुगडे पांघरले आणि घरी येऊन कायदा उघडला. संकट आले की कोणी देवाचे नाव घेतो; कारकून नियमांचे पुस्तक काढतो. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा आम्ही त्या रात्री प्रथमच कलमवार वाचला. भांगेच्या पानांना त्या कायद्याने आपल्या व्याख्येबाहेर ठेविले आहे. उत्तर प्रदेशात तर भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. परंतु त्याच झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, आणि परवान्यावाचून ते झाड लावणे म्हणजे दहा वर्षांपर्यंतची सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड. झाडे दोन की दोनशे, याचा त्या कलमात भेद नाही. अवघ्या महिन्यापूर्वी, नोव्हेंबरात, ग्रेटर नोएडातील एका सदनिकेत दिव्यांखाली कुंड्यांतून गांजा पिकविणाऱ्या एका इसमास पोलिसांनी धरले होते. ती बातमी भाऊंनी स्वतःच आम्हांला चहा घेता घेता वाचून दाखविली होती. "घरातल्यांना वास कसा आला नाही हो?" असे त्यांनी तेव्हा विचारल्याचे आठवले, आणि आमच्या अंगावर काटा आला.

पण आमची झोप उडविली ती कलम ४७ ने. जमिनीवर अशा झाडाची बेकायदा लागवड झाल्याचे ज्या ज्या सरकारी अधिकाऱ्याच्या ध्यानात येईल, त्याने ताबडतोब वर्दी दिली पाहिजे. हयगय केल्यास तोही शिक्षेस पात्र. बारा वर्षांच्या नोकरीत आपणांस कोणी अधिकारी म्हणावे, अशी आमची सुप्त इच्छा होती. त्या रात्री प्रथमच आपण केवळ लिपिक ठरावे, अशी प्रार्थना केली! मग वाटले, कपाटातील कुंडीला 'जमीन' म्हणता येईल काय? पुढे कलम २५ : घर ज्याच्या ताब्यात असेल, त्याने जाणूनबुजून तेथे असा गुन्हा होऊ दिला, तर तोही गुन्हेगार. म्हणजे भाऊ अजाण होते तोवर सुरक्षित होते. आम्ही त्यांना सांगताच ते 'जाणते' होणार. आणि घराची किल्ली तूर्त कोणाच्या खुंटीवर होती? शिवाय अठ्ठेचाळीस तासांहून अधिक कोठडी झाली की सरकारी नोकर निलंबित समजला जातो, हे वाचकांपैकी कोणास सांगावयास नको. पहाटेपर्यंत आमच्या मनात एक भलीमोठी टिप्पणी तयार झाली. तिच्यात पळवाटा पुष्कळ होत्या. उत्तर एकही नव्हते.

सकाळी आम्ही फोन केला तो भाऊंना नव्हे, चिरंजीवांना. तो तेव्हा रामेश्वरला होता. मागे समुद्राचा आवाज येत होता. आम्ही एवढेच म्हणालो, "अरे, कपाटातला दिवा चालू राहिला आहे." बराच वेळ केवळ समुद्र ऐकू आला. मग तो दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या मराठीत म्हणाला, "काका, बाबांना बोलू नका. तुम्हीच उपटून टाका ना."

ते सोपे होते. दोन मिनिटांचे काम होते. परंतु आम्ही म्हणालो, "लावलेस तू, उपटायचेही तूच." शिकवणीवर्गाची परीक्षा असल्याची थाप आईवडिलांना मारून तो पुढे निघून आला. त्या थापेत आमचाही वाटा होता, हे कबूल केले पाहिजे.

तो आला तेव्हा आमच्याजवळ एक उत्तम भाषण तयार होते. त्याच्याजवळही होते. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये हे झाड कायदेशीर केले, हे त्याने आम्हांला सांगितले. आम्हीही हार मानणारे नव्हतो. रात्रीच्या वाचनात आम्हांला त्याहून पुष्कळ सापडले होते. इंग्रजी अमदानीत खांडव्याच्या बाजूस आणि बंगालात नौगावला परवान्याने गांजाची शेती होई व सरकार त्यावर महसूल घेई. १८९३-९४ च्या आयोगाने तर सरसकट बंदी नको, असाच अभिप्राय दिला होता. हे सारे आम्हीच त्याला ऐकविले. तो चकित झाला. मग आम्ही म्हणालो, "उद्या कायदा बदलेलही. पण हे क्वार्टर कोणाच्या नावावर आहे?"

त्यावर त्याचे भाषण संपले. काही वेळाने तो म्हणाला, "काका, आजी आली तेव्हापासून मी बाल्कनीत झोपतो. या घरात माझं म्हणून हे एवढंच एक कपाट आहे. दोनदा परीक्षेत नापास झालो. काहीतरी माझ्या हातून वाढतंय, हे बघायचं होतं." हे सर्व खरे होते की अर्धे खरे, ते आम्ही विचारले नाही. मनात आले की एवढीच हौस होती तर गुलाब लावता आला असता. परंतु गुलाबाला लपवावे लागत नाही, आणि विसाव्या वर्षी आपली म्हणावी अशी वस्तू कित्येकदा लपविलेलीच असते, हे आम्हीही अगदीच विसरलो नव्हतो. त्याने रोपे उपटली. मुळे धुतल्यासारखी पांढरी होती. ती हातात धरून तो जरा वेळ उभा राहिला. आम्ही दुसरीकडे पाहिले.

दिवा काढू लागलो तेव्हा तोच म्हणाला, "आईची तुळस ठेवू का आत?" त्या रात्री पारा फारच उतरला होता. तुळस कपाटात गेली.

चार दिवसांनी मंडळी परतली. वहिनी तडक बाल्कनीत गेल्या आणि ओरडल्या, "अगं बाई, काळी पडली की!" चिरंजीवाने कुंडी उन्हात आणून ठेविली. तुळस हिरवीगार होती. वहिनींनी तिला हळदकुंकू वाहिले. भाऊ आम्हांला कौतुकाने म्हणाले, "बघा, आमच्या चिरंजीवांना शेवटी झाडांची आवड लागली!" मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही तुळशीकडे पाहिले. किल्ली परत देऊ लागलो, तर भाऊ म्हणाले, "राहू द्या तुमच्याजवळच. तुमच्यासारखा माणूस कुठे मिळायचा?" ते वाक्य आम्हांला कलम ४७ पेक्षा जड गेले.

त्या जानेवारीत तुळस जगली. पुढे २०२५ च्या पावसाळ्यात भाऊंची बदली झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो दिवा घेऊन आमच्या दारी आला आणि म्हणाला, "तुमच्याकडेही तुळस आहे ना, काका." याहून अधिक आम्ही दोघे काही बोललो नाही.

आम्ही योग्य केले की नाही, हे आम्हांला अद्याप कळलेले नाही. कायद्याने आम्ही चुकलो असू. मित्र म्हणून तर निश्चित चुकलो; ज्या बापाने आमच्यावर घर सोपविले, त्याच्यापासून त्याच्याच घरातली गोष्ट आम्ही लपविली. एका मुलाचे कपाट रिकामे करताना तेच गुपित आम्ही आमच्या घरी आणून ठेविले, एवढाच हिशेब खात्रीने मांडता येतो. भाऊंचा अधूनमधून फोन येतो. मुलाला कोठेशी नोकरी लागली, हे सांगताना त्यांचा स्वर भरून येतो, आणि प्रत्येक वेळी आता सांगून टाकावे, असे आमच्या ओठांपर्यंत येते. मग आम्ही तुळशीची खुशाली सांगतो.

थंडी पडली की तो दिवा आमच्या बाल्कनीत तुळशीवर टांगलेला असतो. खालून जाणारे येणारे तो जांभळा उजेड पाहून थबकतात. एकदा वसाहतीचा चौकीदारही जिना चढून चौकशीस आला. आम्ही त्याला आत नेऊन तुळस दाखविली. घरातून पडद्याची सूचना दोनदा झाली आहे. पडदा मात्र आम्ही लावलेला नाही.