जागरणाचा मान

सांगलीच्या पेठेत हळदीची अडत चालविणारे आप्पा चार तासांच्या झोपेवर आयुष्य काढल्याचे अभिमानाने सांगत. जेवण सूर्यास्तापूर्वी, वहीजवळचा दिवा मात्र मध्यरात्रीपर्यंत. व्यापारी घरांत जागरणाला कष्टाचा मान मिळतो आणि झोपेला आळसाचा बट्टा.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी एकाच शेतकऱ्याची पट्टी दोनदा चुकती केली. तो भला माणूस पैसे परत घेऊन आला, तर आप्पा त्याच्याशीच वाद घालू लागले. त्या रात्री मुलाने तिजोरीच्या किल्ल्या काढून घेण्याची गोष्ट काढली. आईने सुनेला वेगळेच सांगितले : “ह्यांचा श्वास घोरता घोरता थांबतो गं. मी जागी राहून मोजते.”

झोपेत मेंदू स्वस्थ पडून नसतो. दिवसभरातल्या आठवणी तो पक्क्या करतो. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१३ साली उंदरांवर प्रयोग केले. झोपेत मेंदूच्या पेशींमधील जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावते आणि अल्झायमरच्या विकारात साचणारे बीटा-ॲमिलॉइड वेगाने वाहून जाते, असे त्यांना आढळले. त्यावर वाद अजून चालू आहेत. ब्रिटनमधील सुमारे ८००० सरकारी कर्मचाऱ्यांची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. पन्नाशी ते सत्तरी सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक दिसला. अर्थात, अपुऱ्या झोपेने रोग येतो की येऊ घातलेला रोगच झोप मोडतो, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. वयाबरोबर गाढ झोप घटते. गरज फारशी घटत नाही, एवढे खरे.

एका शेजाऱ्याने झोपेची गोळी सुचविली होती. ती घेतली नाही, हे बरेच झाले : अशा गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, गोंधळ वाढतो आणि काहींनी श्वासाचा अडथळाही बळावतो. डॉक्टरांनी रात्रभराची झोप-तपासणी करविली. श्वास तासात कितीतरी वेळा अडत होता.

आता आप्पा हवेच्या यंत्राचा मुखवटा लावून सात तास झोपतात. पहिले महिनाभर त्यांनी तो रोज उपसून फेकला. तोंडी हिशेब पूर्वीसारखा होत नाही, नवी नावे निसटतात. परंतु पट्ट्या पुन्हा तेच लिहितात. मुलगा बेरीज पडताळतो, किल्ल्या त्यांच्याच कनवटीला आहेत. यंदा तो शेतकरी माल घेऊन आला, तेव्हा आप्पांनी त्याला नावाने हाक मारली आणि चहा मागविला.