काडीतला घड

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की लेण्याद्रीच्या पायथ्यापासून नारायणगावपर्यंतच्या द्राक्ष बागायतदाराला एकच घोर: कात्री कितव्या डोळ्यावर लावायची? एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच डोळ्यात घड बसलेला असतो, बाहेरून तो दिसत नाही एवढंच. म्हणून काड्या तपासणीला जातात. तपासणारा सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याचे पापुद्रे ब्लेडने काढत घड शोधतो. निदान होतं, डोळा मात्र संपतो.

न कापता आरपार पाहायची विद्या जुनी आहे. लाइपझिगचे शरीररचनातज्ज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी 1911 मध्येच तिच्यावर पुस्तक लिहिलं. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, प्रथिनांचा आणि स्निग्धांशाचा त्याहून जास्त. प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो आणि ऊती अपारदर्शक दिसते. पाणी काढून प्रथिनांच्या जवळच्या अपवर्तनांकाचं द्रव भरलं की विखुरणं थांबतं. त्यांनी विंटरग्रीनचं तेल वापरलं होतं.

पण पाणी अल्कोहोलने ओढून काढायचं म्हणजे मण्याचा बेदाणा होणारच. 2016 मध्ये जाहीर झालेल्या यूडिस्को पद्धतीत नमुन्याचं आकारमान 65 टक्क्यांपर्यंत घटतं. म्हणजे लांबी सुमारे 30 टक्क्यांनी कमी! तिथे ही घट मुद्दाम वापरली: आक्रसलेला अख्खा उंदीर सूक्ष्मदर्शकात मावतो. उलट, युरियावर आधारलेल्या स्केल पद्धतीत (2011) नमुना फुगतो. फ्रुक्टोजच्या दाट पाकात तो जवळपास तसाच राहतो. सीडीबी (2013) म्हणतात ती पद्धत हीच.

खरी डोकेदुखी घट सगळीकडे सारखी नसते, ही. सारखी असती तर एका गुणाकारात काम भागलं असतं. वनस्पतीत पेशीभित्ती तग धरते आणि आतला जीवद्रव्याचा गोळा तिच्यापासून सुटतो. मग मोजायचं काय, भित्ती की गोळा? चित्राखालची मोजपट्टी आक्रसण्याआधीची की नंतरची, हे न सांगणारा शोधनिबंध कितीही देखणा असो, त्यातल्या मायक्रॉनवर भिस्त ठेवू नये.

नागोयाच्या संशोधकांच्या क्लिअरसी द्रावणाने (2015) पानं छान पारदर्शक होतात. द्राक्षाचा डोळा जास्त हट्टी: तपकिरी खवले, आत लोकर, लोकरीत अडकलेली हवा. ती निर्वात पंपाने आधी काढावी लागते.

घड आहे की नाही, एवढंच विचारणाऱ्याला आकसण्याने फरक पडत नाही. तो भरदार आहे की बारीक, हे विचारणाऱ्याला पडतो. शिवाय पारदर्शक व्हायला दिवसच्या दिवस लागतात, आणि छाटणीची तारीख तेवढी थांबत नाही. सध्या तरी तपासणीच्या टेबलावर ब्लेडच आहे.