कुलूपबंद परीक्षेतला कळफलक

विद्यापीठांच्या परीक्षा संगणकावर गेल्या तेव्हा सगळ्यांना पहिली धास्ती होती कॉपीची. पोरं गूगल करतील, चॅटवर उत्तरं मागतील, मग काय? त्यावर तोडगा निघाला तो संगणकालाच कुलूप घालण्याचा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेला, सर्वांना मोफत मिळणारा सेफ एक्झॅम ब्राउझर हा त्यातला एक नावाजलेला. तो सुरू झाला की पडद्यावर फक्त प्रश्नपत्रिका उरते. दुसऱ्या विंडोत जाता येत नाही, विंडोज-की दाबून काही होत नाही, खालची टास्कबार गायब होते. हा ब्राउझर तोच आहे ना, त्याच्या सेटिंगला कोणी हात लावलेला नाही ना, याची खातरजमा परीक्षेचा सर्व्हरही करू शकतो.

अर्थशास्त्राच्या पेपरला हे कुलूप चपखल बसतं. रशियन, अरबी, जपानीचे विद्यार्थी आले की कुरकुर सुरू होते. मी युरोपातल्या एका विद्यापीठाच्या डिजिटल परीक्षा विभागात काम करतो. ही कुरकुर माझ्याच टेबलावर येते. विंडोजमध्ये टायपिंगची भाषा बदलायची ती सहसा विंडोज-की आणि स्पेसबार एकत्र दाबून, नाहीतर टास्कबारवरून. आम्ही नेमक्या त्याच दोन वाटा बुजवलेल्या असतात. सेफ एक्झॅम ब्राउझरच्या स्वतःच्या पट्टीवर कळफलकाची खूण दाखवता येते, पण ती सोय कोणीतरी आधी आठवणीने चालू करावी लागते.

अडचण भाषेगणिक बदलते. फ्रेंच-स्पॅनिशला चार-दोन अक्षरं कमी पडतात. उत्तराच्या चौकटीवर त्यांची बटणं दिली की भागतं. रशियनला अख्खी वर्णमालाच वेगळी. तीनशे शब्दांचा निबंध माऊसने एकेक अक्षर टिपत लिहायला लावणं ही शिक्षाच आहे. शिवाय रशियनमध्ये एक छुपा खड्डा आहे. गांधीलमाशीला रशियनमध्ये ‘ओसा’ म्हणतात. तिची तिन्ही अक्षरं दिसायला हुबेहूब इंग्रजी ओ, सी आणि ए. कळफलक बदलायचा राहिला आणि विद्यार्थ्याने इंग्रजीतच ती तीन अक्षरं दाबली, तर पडद्यावर शब्द तोच दिसतो. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही लिप्यांच्या अक्षरांचे क्रमांक वेगळे. माणूस तपासत असेल तर पूर्ण गुण देईल. यंत्र तपासत असेल तर शून्य. फ्रेंचमधला डोक्यावर रेघ असलेला ‘ई’सुद्धा एका क्रमांकाने लिहिता येतो आणि दोन क्रमांक जोडूनही. म्हणून तपासणीआधी उत्तरं एकाच साच्यात आणून घ्यावी लागतात.

खरी मजा जपानीची. तिथे उच्चार रोमन अक्षरांत टाइप करायचा आणि यंत्राने सुचवलेल्या चित्रलिपीतल्या पर्यायांतून योग्य तो निवडायचा. ‘किशा’ लिहिलं की पत्रकार, आगगाडी, समोरच्याची कंपनी, कंपनीत परतणं असे पर्याय रांगेने उभे राहतात. हे सुचवणारा प्रोग्राम वेगळा असतो. तो आधी टाइप केलेलं लक्षात ठेवतो, पुढचा शब्द सुचवतो, परवानगी असेल तर इंटरनेटवरूनही पर्याय आणतो. त्यात वापरणाऱ्याचा खासगी शब्दकोशही असतो. एखाद्या छोट्या उच्चारासमोर लांबलचक वाक्प्रयोग नोंदवून ठेवायचा. परीक्षेत दोन कळा दाबल्या की तो हजर. अशी चिठ्ठी कुठल्याही पर्यवेक्षकाला सापडत नाही.

म्हणून हा प्रोग्राम बंदच करावा, असं सुरक्षावाले म्हणतात. तो बंद केला तर जपानी लिहिताच येत नाही. मग अंदाज बांधणं, आठवण ठेवणं, इंटरनेट आणि खासगी शब्दकोश एवढं बंद करून उरलेलं चालू ठेवायचं. तरीही एक प्रश्न उरतोच. चित्रलिपी मनातून आठवून लिहिणं वेगळं आणि समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं. निबंधाला ओळखणं पुरतं. लिपीच तपासायची असेल तर ते पान हाताने लिहून घ्यावं आणि स्कॅन करावं. कुठे काय तपासायचं हे शिकवणाऱ्याने ठरवायला हवं. प्रत्यक्षात मात्र बऱ्याचदा ते माझ्यासारखा तंत्रज्ञ एका टिचकीसरशी ठरवून टाकतो.

कुलपाची दुसरी एक तऱ्हाही आहे. फिनलंडने शालान्त मॅट्रिक्युलेशन परीक्षा २०१६च्या शरद ऋतूत संगणकावर आणायला सुरुवात केली. पहिल्याच फेरीत जर्मन भाषा होती. २०१९मध्ये गणित आलं आणि सगळी परीक्षा डिजिटल झाली. तिथे विद्यार्थ्यांचे लॅपटॉप यूएसबी स्टिकवरच्या लिनक्सने सुरू करायचे, अशी पद्धत बसवली गेली. त्यामुळे सगळ्यांना सारखंच वातावरण मिळालं आणि खासगी शब्दकोशाची वाट बंद झाली. पण कळफलकाची रोजच्या सवयीची मांडणी त्याबरोबरच जाते. म्हणून सराव त्याच प्रणालीत हवा, आणि परीक्षेच्या पुरेसा आधी.

सवयीचं मोल मराठी माणसाला सांगायला नको. आपल्याकडे सरकारी टायपिंग परीक्षेत मिनिटाला ३० किंवा ४० मराठी शब्दांची गती मोजतात. रेमिंग्टन मांडणीच्या कळफलकावर बोटं बसलेल्याला इन्स्क्रिप्ट मांडणीसमोर बसवलं, तर त्याची मराठी तीच राहते, गती मात्र कोसळते.

‘शब्दकोश वापरता येणार नाही’ ही सूचना भाषेच्या परीक्षेच्या नियमांत सर्रास असते. तिच्याखाली आणखी एक ओळ छापावी: कोणता कळफलक मिळेल, शब्द सुचवणं चालू असेल की बंद, आणि सराव कुठे करता येईल. ती ओळ भाषेच्या प्राध्यापकाने लिहावी, सत्राच्या सुरुवातीलाच लिहावी. आम्ही तंत्रज्ञ तिच्याबरहुकूम कुलूप घडवून देऊ.